मुजीबने वाचवलेली वीज

सातारा, १७ मार्च २०२४

प्रिय झुबेदा,

तुझे रोजे सुरू झाले असतील. या उन्हात पाण्यावाचून दिवस काढणं तरुणपणी वेगळं होतं, आता जपून कर. जाफरभाईंची तब्येत कशी आहे ते आधी लिही. अर्धांगाला दोन वर्षं होत आली, उजवा हात थोडा तरी हलतो का?

माझे कान आणखी गेले. यंत्र लावून फोन धरला की आत शिट्टी वाजते आणि पलीकडचं माणूस ओरडून ओरडून दमतं. मोबाईलवर टाइप करायचं तर बोटं ऐकत नाहीत. त्यामुळे डी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या आपण दोघी अजून पोस्टमनचीच वाट बघतोय.

आज मात्र रागाने लिहितेय. विजेचं बिल आलं. मुकुलने ते जेवताना मांडीवर उलगडलं आणि न बघताच म्हणाला, "आई दिवसभर घरात असते ना, म्हणून." मी ताटावरून उठले नाही एवढंच. आयुष्यभर शाळेत उभी राहिले, आता घरात बसते, तर ते बिलावर दिसतं म्हणे. मग काय रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन अजिंक्यताऱ्यावर जाऊन बसू? सूनबाई मयूरीने त्याला गप्प केलं. तुझा गिझर आंघोळीनंतर तासभर चालूच असतो, ते कोण बघणार, म्हणाली. गुणाची आहे पोरगी.

पण खरंच गं, साताऱ्यात पूर्वी मार्चमध्ये पंखा लावला की लोक हसायचे. आता स्लॅब संध्याकाळी सातपर्यंत तव्यासारखा तापलेला असतो. दिवाळीनंतरच्या पत्रात तू लिहिलं होतंस की मुजीबने काहीतरी करून तुमचं बिल निम्म्यावर आणलं. सांगली तर आमच्याहून तापते. काय केलं त्याने, ते सविस्तर लिही. मुकुलच्या तोंडावर मारायला मला काहीतरी हवंय.

तुझी,
प्रमोदिनी


माधवनगर, २६ मार्च २०२४

प्रिय प्रमोदिनी,

सलाम आणि भरपूर प्रेम. मुकुलचं मनावर घेऊ नकोस, मुलं बोलून जातात.

यांची तब्येत आहे तशीच आहे. उजवी बाजू अजून लाकडासारखी. शब्द चारपाचच येतात, "पाणी", "झुबी", "नको". मिलमध्ये शेकडो मागांच्या खडखडाटात ज्यांचा आवाज पार फाटकापर्यंत जायचा, त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. बनुबाई दिवसभर मदतीला असते. कूस बदलायला आम्हा दोघींना मिळून जोर लावावा लागतो.

आता मुजीबने काय केलं ते ऐक. मला सांगायलाही बरं वाटतं. पुण्याच्या कंपनीत एवढं काम, तरी ऑक्टोबरमध्ये सुट्टी काढून आला. घरातले जुने पंखे काढून कमी वीज खाणारे लावले. ट्यूबा गेल्या, एलईडी आले. फ्रीज भिंतीला चिकटून होता, तो वीतभर पुढे ओढला आणि दाराचं रबर बदललं. पाण्याच्या मोटारीचा कॉक गळत होता, तो नीट केला. बिल माझ्या पेन्शनमधून मीच भरत होते, तर म्हणाला, "अम्मी, तू कशाला डोक्याला ताप घेतेस, माझ्या खात्यातून जाईल." मीटरवर मोबाईल नंबरही स्वतःचा लावला.

आणि यांच्या खोलीत, जिथे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आम्ही एसी बसवला, तिथे त्याने भिंतीच्या प्लगात एक पांढरा डबा लावला. एसीची पिन त्या डब्यात. वीज कमी-जास्त झाली की डबा आपोआप एसी वाचवतो म्हणे. तेवढाच एक त्रास आहे. उन्हाळा लागल्यापासून दुपारची जेवणं आटोपली की एसी बंद पडतो आणि ऊन उतरलं की आपला आपण सुरू होतो. मी एसी दुरुस्त करणाऱ्या अमीरला बोलावलं. तो म्हणाला, "चाची, मशीन टकाटक आहे. डब्यातूनच करंट येत नाही. मुजीबभाईंना विचारा." विचारलं. मुजीब म्हणाला, दुपारी आपल्या भागात व्होल्टेज पडतं, डबा बंद करतो ते बरंच, नाहीतर मशीन जळेल. बनुबाईला काही पटत नाही. ती म्हणते, "आवं भाबी, ह्यो बी जेवून वामकुक्षी घेतोय व्हय?" मला हसू आलं.

पंख्यांचं मात्र नक्की कर. फरक पडतो.

तुझी,
झुबेदा


सातारा, ४ एप्रिल २०२४

प्रिय झुबेदा,

फ्रीज पुढे ओढला. मागे मुकुलची हरवलेली हेल्मेटची काच सापडली, हा वरचा फायदा. पंखे पुढच्या महिन्यात. गिझरचं बटण आता मी स्वतः बंद करते आणि बंद केल्यावर मुकुलला हाक मारून सांगते. त्याला ते आवडत नाही, मला फार आवडतं.

मुजीबला माझा आशीर्वाद कळव. पण तुझ्या त्या डब्याचं मला काही उमगत नाही. व्होल्टेज पडलं तर फ्रीजही कुरकुरेल, पंखाही मंदावेल. तसं होतं का? की फक्त एसीच जातो? आणि रोज त्याच वेळी? शेजाऱ्यांचेही एसी असतील, त्यांना विचार. मी विज्ञान शिकवलं ते सातवीपर्यंतच, तेव्हा माझं चुकतही असेल.

जाफरभाई त्या वेळात काय करतात? घाम पुसायलाही हात उचलत नाही त्यांचा. मला हे लिहितानाच कसंतरी होतंय. ईदला मुजीब येईल तेव्हा त्याला समोर बसवून विचार.

ईदचा शिरखुर्मा माझ्या वाट्याचा तूच खा.

तुझी,
प्रमोदिनी


माधवनगर, १६ एप्रिल २०२४

प्रिय प्रमोदिनी,

ईद छान झाली. मुजीब, सूनबाई सबा आणि लहानगी अर्फा चार दिवस होते. अर्फा आजोबांच्या पलंगावर बसून त्यांना चित्रं दाखवायची आणि हे डाव्या हाताने तिचे केस विस्कटायचे. घर भरल्यासारखं वाटलं.

आणि गंमत सांगते. त्या चार दिवसांत एसी एकदाही बंद पडला नाही. अर्फा तर दुपारी आजोबांजवळच झोपायची. मी मुजीबला म्हटलं, बघ, तुझ्या पायगुणाने व्होल्टेजसुद्धा सुधारलं. तो हसला आणि मोबाईलमध्ये बघत बसला. ते लोक रविवारी गेले, सोमवारी दुपारी एसी पुन्हा बंद. बनुबाई म्हणाली, "डबा मालकाला वळखतोय." आम्ही दोघी हसलो, पण खरं सांगू, मला नंतर जरा वाईट वाटलं.

तू विचारलंस म्हणून लिहिते. नाही, पंखा मंदावत नाही. फ्रीजही चालतो. शेजारच्यांना मी विचारलं नाही, उगाच चर्चा कशाला.

दुपारी आम्ही यांच्या अंगावर ओली चादर टाकतो. खिडकीला ओलं पोतं बांधतो. खोली पश्चिमेची, पंखा फिरतो तोही गरम वारा फिरवतो. यांच्या पाठीवर घामोळं उठलंय, दोन ठिकाणी कातडी सोलली आहे. त्याला मलम लावतोय. काळजीसारखं काही नाही. परवा हे डाव्या हाताने सारखे एसीकडे दाखवत होते आणि "नको, नको" म्हणत होते. नको म्हणजे काय नको, ते काही समजलं नाही. मी म्हटलं, थोडा वेळ, आता येईल वीज.

उन्हाळा आहे, इतकं चालायचंच. दोन महिन्यांत पाऊस येईल.

तुझी,
झुबेदा


सातारा, २३ एप्रिल २०२४

झुबेदा,

आज मायना-बियना काही नाही. पत्र बसून वाच, आणि जाफरभाईंच्या खोलीत वाचू नकोस.

मयूरी काल मोबाईलवर बिल कमी करण्याचे व्हिडिओ शोधत होती. मला ऐकू येत नाही म्हणून ती खाली अक्षरं उमटतात असा एक लावून माझ्यासमोर धरून बसली. त्यात तुझा मुजीब होता. वीज वाचवण्यावर तो व्हिडिओ करतो, तुला हे माहीत होतं का? व्हिडिओचं नाव होतं, "आईवडिलांचं वीजबिल मी पुण्यात बसून निम्मं कसं केलं".

पंखे, एलईडी, फ्रीज, सगळं सांगितलं त्याने, आणि चांगलं सांगितलं. मग तो पांढरा डबा दाखवला. पुढचं मी मयूरीकडून थांबवून थांबवून कागदावर उतरवून घेतलं, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो म्हणतो, "ज्येष्ठांना एसी बंद करा सांगितलं की वाद होतात. म्हणून सांगायचंच नाही. दुपारी एक ते पाच मी इथून फोनवर बंद करतो. त्यांना वाटतं व्होल्टेज गेलं." आणि हसतो. मग एक आलेख येतो, वरून खाली उतरणारा, आणि त्याच्या मागे तुमची खोली दिसते. ती निळ्या गजांची खिडकी. आणि कोपऱ्यात चादरीखाली जाफरभाईंचे पाय.

खाली शेकडो लोकांनी लिहिलंय, काय भारी कल्पना, आम्हीही करतो. एकानेही विचारलं नाही की ते पाय कोणाचे आहेत आणि त्या माणसाला दुपारी काय होतं.

मला रात्रभर चीड येत होती. तू पेन्शन घेतेस. बिल तू भरत होतीस. त्याला पैशाची ददात नाही. मग त्याने कोणाची वीज वाचवली आणि कोणाला उकडत ठेवून? ईदला त्याची मुलगी त्या खोलीत झोपली, तेव्हा एसी चालला. मुलीला उकडतं आणि बापाला उकडत नाही?

तुला माझा शब्द मानायचा नसेल तर मानू नकोस. एसीची पिन डब्यातून काढ आणि सरळ भिंतीच्या प्लगात घाल. दुपारी बंद पडतो का बघ. एवढंच कर.

प्रमोदिनी


माधवनगर, २९ एप्रिल २०२४

प्रमोदिनी,

पत्र मिळालं.

माझ्या मुलाने मला सांगितलं की व्होल्टेज पडतं. तुझ्या सुनेने मोबाईलवर काय बघितलं आणि तू कागदावर काय उतरवलंस, ते मला माहीत नाही. मोबाईलवर लोक चारचौघांत उठून दिसायला वाटेल ते बोलतात. बाप आजारी पडला तेव्हा याच मुलाने एकवीस दिवस दवाखान्यात जमिनीवर झोपून काढले. ते तुला दिसलं नाही, मला दिसलं.

पिन काढून बघायला मी माझ्या लेकराची परीक्षा घेणार नाही. तुझ्या घरात तुझं आणि मुकुलचं बिलावरून वाजलं म्हणून प्रत्येकाचा मुलगा तसाच असतो असं समजू नकोस.

यांची पाठ बरी होत आहे. आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

झुबेदा


पुणे, १५ मे २०२४

आदरणीय प्रमोदिनी मावशी,

नमस्कार. पत्र लिहायची सवय नाही, पण तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही असं सबा म्हणाली, म्हणून लिहितोय.

अम्मी सात तारखेपासून माझा फोन घेत नाही. अब्बा दवाखान्यात होते तेव्हा मी दोन दिवस येऊन गेलो, तेव्हाही ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तुमचं एप्रिलचं पत्र तिने मला फक्त वाचायला दिलं. ते वाचून मला फार वाईट वाटलं. तुम्ही माझी बाजू न ऐकता तिचे कान भरलेत.

माझी बाजू अशी. तीनशे युनिटच्या वर गेलं की दर एकदम चढतो. प्रश्न पैशाचा नव्हता, वाया जाण्याचा होता. अम्मी खिडकी उघडी ठेवून एसी लावते, अठरावर ठेवते, खोलीतून बाहेर गेली तरी बंद करत नाही. मी दहा वेळा सांगितलं. सांगून उपयोग होत नाही, तेव्हा माणूस दुसरा मार्ग काढतो. खोलीतलं तापमान मला फोनवर दिसत होतं, मी काही डोळे मिटून बंद करत नव्हतो.

सात तारखेला जे झालं त्याला बऱ्याच गोष्टी कारण आहेत. उन्हाची लाट होती. मतदानाला अम्मी भर दुपारी गेली, रांग मोठी होती. बनुबाईला काही सुचलं नाही. त्या दुपारी माझ्या फोनवर एकोणचाळीस दिसत होतं, पण मी मीटिंगमध्ये होतो आणि पंखा तर चालू होता. अब्बांना उष्माघात होईल असं कोणालाच वाटलं नसतं. सहा दिवसांनी घरी आलेत, आता बरे आहेत.

मी वाईट मुलगा नाही, मावशी. अम्मी तुमचं ऐकते. तिला एवढंच सांगा की माझा फोन घे.

तुमचा,
मुजीब


सातारा, १९ मे २०२४

चि. मुजीब,

तुझे वडील दवाखान्यात होते हे मला तुझ्या पत्रातून कळलं, आणि त्यांना उष्माघात झाला हे तर अर्ध्या पानानंतर. आधी स्वतःचा फोन, मग दर, मग बाप. हा क्रम तू परत एकदा वाचून बघ.

तू पंखे बदललेस, फ्रीज सरकवलास, त्याचा फायदा माझ्याही घराला झाला. त्याबद्दल तुझे आभार, मनापासून. खिडकी उघडी ठेवून एसी लावू नये, हेही बरोबर. पण ते तू आईला समोर बसून सांगायचं होतंस, अकराव्यांदा, बाराव्यांदा. आम्ही तुम्हाला पाढे किती वेळा सांगितले, ते कोणी मोजलं नाही.

वाया म्हणजे काय रे? रिकाम्या खोलीत दिवा जळतो, ते वाया. गळक्या नळामुळे मोटार चालते, ते वाया. ज्याला हात उचलून माशी हाकलता येत नाही, ज्याला "उकडतंय" हा शब्द उच्चारता येत नाही, त्याच्या अंगाला गारवा मिळावा म्हणून जळलेली वीज वाया नसते. तुझ्या मीटिंगच्या खोलीत त्या दुपारी किती तापमान होतं, ते फोनवर दिसत होतं का? तिथला एसी कोणी मुंबईत बसून बंद केला होता का?

आणि बनुबाईला दोष देऊ नकोस. तिच्या हातात रिमोट होता, बटण तुझ्या हातात होतं.

तू म्हणतोस की डोळे मिटून केलं नाही. हेच मला सहन होत नाही. न कळत झालं असतं तर मी तुझ्यासाठी शब्द टाकला असता. पण तू व्होल्टेजची गोष्ट रचलीस. चूक नाही असं ज्याला वाटतं, तो लपवत नाही.

मी तुझ्या आईकडे तुझी शिफारस करणार नाही. तिने मलाही दोन ओळी लिहिलेल्या नाहीत, तेव्हा ती माझं ऐकते हाही तुझा गैरसमज आहे. पुण्याहून सांगलीला दिवसभर गाड्या सुटतात. फोन कशाला हवा?

प्रमोदिनी मावशी


माधवनगर, २ जून २०२४

प्रिय प्रमोदिनी,

महिनाभर तुला लिहिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने, मग वेळच नव्हता. आता सगळं लिहिते.

मतदानाच्या दिवशी सकाळी यांचं अंथरूण, आंघोळ, नाश्ता करता करता बारा वाजले. बनुबाईला बसवून मी गेले. शाळेच्या पटांगणात रांग, वर पत्र्याचीही सावली नाही. मला यायला उशीर झाला. घरात पाऊल टाकलं तर बनुबाई रडत होती. "भाबी, आवं दादा डोळंच उघडत न्हाईत. लय येळ बटान दाबलं, थंड येतच न्हाई." यांच्या कपाळाला हात लावला आणि काढून घेतला, इतकं तापलेलं. अंग कोरडं. मला ओळखलं नाही. अमीरने रिक्षात घातलं, मी पाठीमागे मांडीवर डोकं घेऊन बसले आणि ओल्या ओढणीने तोंड पुसत राहिले.

डॉक्टरांनी विचारलं, घरी एसी आहे ना? मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, मग इतकं कसं तापलं? प्रमोदिनी, त्या माणसाने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले. दुपारची वेळ होती. एसी बंदच होता. मी डब्यातून पिन काढली आणि भिंतीत घातली. एसी लागलीच सुरू झाला. रिकाम्या खोलीत मी त्या गार वाऱ्यासमोर उभी राहिले आणि मला संताप आला. तू सांगितलं होतंस तेव्हा हे केलं असतं तर. मी तुलाच बोलले. पुढे काही लिहीत नाही, तुला समजतंय.

मुजीब तुझं पत्र मिळाल्यावर आला. न कळवता, एकटा, बसने. सबा पुण्यातच राहिली. तो व्हिडिओ करतो हे तिला माहीत होतं, पण रोज एसी बंद करतो हे माहीत नव्हतं, ती त्याच्यावर माझ्याहून जास्त चिडली आहे. तो दारात उभा राहून म्हणाला, "अम्मी, माझं ऐकून तर घे."

मी म्हटलं, "ऐकते. जेवून घे."

जेवण झाल्यावर यांना मी आणि बनुबाईने खुर्चीवर घालून पुढच्या खोलीत, कूलरपाशी नेलं. मग मुजीबला म्हटलं, "अब्बांच्या पलंगावर झोप. उजवा हात उचलायचा नाही. उजवा पाय हलवायचा नाही. बोलायचं नाही. पाच वाजता मी तुझं ऐकते." त्याला वाटलं मी चिडून बोलतेय. मी एसीची पिन काढली, पंखा लावला आणि त्याच्या उशाशी खुर्ची घेऊन बसले. तो पुण्यात होता तेव्हा मीही रोज याच उकाड्यात बसत होते, हे त्याला दिसायला हवं होतं.

पहिला तासभर तो छताकडे बघत राहिला. मग घाम डोळ्यांत गेला. त्याने उजवा हात उचलला. मी म्हटलं, "तो नाही." त्याने डाव्या हाताने पुसलं. पाठ चिकटली, कूस बदलायला गेला, मी म्हटलं, "आम्ही दोघी आल्याशिवाय नाही." बनुबाईने दारातून विचारलं, "भाऊ, पानी देऊ का?" त्याने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. माझंच लेकरू आहे ते. पण मी उठले नाही. अब्बांना बोलता आलं असतं तर ते काय म्हणाले असते, ते त्याला तिथे पडूनच कळणार होतं.

साडेतीनच्या सुमाराला तो उठून बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडला. लहान असताना पडला की रडायचा तसा नाही. आवाज न करता. मी पाणी दिलं. म्हटलं, "आता सांग तुझी बाजू." त्याने नाही अशी मान हलवली.

त्याचा व्हिडिओ काढून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, काढू नकोस, जे शेकडो लोक "आम्हीही करतो" म्हणाले, त्यांना कोण सांगणार? त्यांच्याही घरात कोणीतरी पडून असेल. नवा कर आणि त्यात काय झालं ते सांग. तो म्हणाला, "अम्मी, लोक मला काय म्हणतील?" यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मी चाळीस वर्षांत मुलाला असं बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्या खोलीत बसून त्याने व्हिडिओ केला. लहानसा आहे, त्यात आलेख नाही. मयूरीला बघायला सांग. बऱ्याच जणांनी त्याला वाईटसाईट लिहिलंय. तो वाचतो आणि खाली नाव लिहून उत्तर देतो, हो, मी केलं.

त्याने आणि अमीरने मिळून गच्ची पांढरी केली. चुना कालवून दोन हात दिले. मुजीबने इतका सांडला की जिनाही पांढरा झालाय. पश्चिमेच्या खिडकीबाहेर हिरवी जाळी बांधली. खोली आता खरंच कमी तापते. एसी मी सत्तावीसवर ठेवते, खिडकी लावून, सोबत पंखा, आणि ऊन उतरलं की दारं-खिडक्या उघडते. हे सगळं त्यानेच शिकवलं, समोर बसून, आणि मी ऐकलं. तो बरोबर सांगत होता, फक्त मला माणूस समजून आधी सांगितलं नव्हतं. मीटरवरचा नंबर माझा करून घेतला. बिल पुन्हा माझ्या पेन्शनमधून जाईल. किती येईल ते येऊ दे.

हे घरी आहेत, पण दवाखान्यात गेले तसे परत आलेले नाहीत. "पाणी" आणि "नको" येतं. "झुबी" अजून आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. ह्याबद्दल मी मुजीबला माफ केलं का, असं तू विचारशील. मला माहीत नाही. दर शनिवारी येईन म्हणाला, काल आलाही. बापाची पाठ पुसतो. मी जेवायला वाढते. एवढं आहे.

काल निघताना उंबऱ्यापाशी थांबला. म्हणाला, "अम्मी, तो डबा परत लावू का? बंद करायला नाही, शपथ. फक्त खोलीत किती गरम आहे ते पुण्यातून दिसत राहील. तेवढं बघू दे."

मी म्हटलं, "बघायचं असेल तर ये. आणि खोलीत बस."

तुझी,
झुबेदा